पहिल्या दिवशी पाहुणा

एखाद्या चिमुरड्याचं विनोदी रील चार दिवस सगळीकडे फिरलं की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, केवढं हुशार पोर आहे, कौतुक करायचं सोडून नाकं काय मुरडता? दुसरी म्हणते, हा तर बालकामगार, कोवळं वय हिरावून घेताय. तेवढ्यात कुणीतरी जुन्या कृष्णधवल विनोदी लघुपटातला तुकडा पुढे करतं: बघा, तेव्हाची मुलं किती सहज वावरायची. त्यावर लगेच उत्तर येतं: त्या मुलांचं पुढे काय झालं तेही वाचा. दाखला दोघांनाही त्या लघुपटांचाच हवा असतो. त्यातलं मूल नेमकं किती वेळ आणि काय काम करतं, हे बघायची तसदी मात्र कुणी घेत नाही. ते पाहिलं असतं तर हा वाद निदान या थाटात झाला नसता.

‘मुलांनी पडद्यावर यावं की नाही’ असा होकार-नकाराचा प्रश्न विचारला की उत्तर निरुपयोगीच मिळणार. किती दिवस, किती वेळा आणि हसवण्याची जबाबदारी कुणाच्या खांद्यावर, हे विचारायला हवं. माझं म्हणणं असं की विनोदी चित्रपटात मूल पाहुणं म्हणून यावं. एक-दोन दिवसांचं काम, एक-दोन ठसठशीत कृती, बाकी सगळा भार मोठ्यांवर. यात मुलाचं भलं आहेच, पण विनोदही असाच चांगला होतो. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण आपण मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याला लावतो. बालकलाकाराच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी अक्कल जाते ती ठेवून घेणाऱ्या यजमानाची.

सुरुवात अगदी पहिल्या विनोदी चित्रपटापासून करू. लुमिएर बंधूंनी 1895 साली फ्रान्समधल्या एका बागेत जेमतेम 49 सेकंदांचा एक प्रसंग टिपला. माळी नळीने झाडांना पाणी घालतोय. मागून एक पोरगा येतो, नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. माळी नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरून पाहतो, पोरगा पाय उचलतो, आणि माळ्याच्या तोंडावर फवारा. त्याच वर्षी 28 डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ झाला, त्यात हा तुकडा होता. माळ्याचं काम केलं ते लुमिएर यांच्याकडे खरोखरच माळीकाम करणाऱ्या फ्रान्स्वा क्लेर यांनी. या 49 सेकंदांत पोराच्या वाट्याला आलेलं काम मोजा: पाय ठेवणं, पाय उचलणं, पळणं. चेहऱ्यावर भाव आणायचे नाहीत, वेळ साधायची नाही. नळीत डोकावण्याचा बावळटपणा, दचकणं, टोपी उडणं हे सगळं माळ्याकडे. आणि खरी गंमत त्यानंतर आहे. पोरगा पळता पळता चौकटीच्या कडेला जातो, तर माळी त्याला पकडून फरफटत परत कॅमेऱ्यासमोर आणतो आणि मग ढुंगणावर फटके देतो. चौकट कुठे संपते याचं भान पोराने ठेवायचं नव्हतं, ते मोठ्याने ठेवलं. पुढच्या सव्वाशे वर्षांत चांगल्या विनोदपटांनी मुलांच्या बाबतीत जे केलं त्याचा आराखडा इथे तयार आहे. त्यातले फटके तेवढे वगळू.

मुलाला एवढंच काम का द्यायचं, याची कारणं दयेपेक्षा कारागिरीत जास्त आहेत. सेटवर मुलांबरोबर काय बिघडतं, हे ज्यांनी चार दिवस पाहिलंय त्यांना सांगायला नको. पहिला टेक सहसा उत्तम जातो. दुसऱ्यात मूल पहिल्याची नक्कल करतं, आणि चौथ्या-पाचव्याला नकलेची नक्कल. काय होणार हे त्याला आधी कळलं असेल तर समोरचा माणूस केळीच्या सालीवर घसरण्याआधीच ते हसतं. संवाद घोकवून घेतले असतील तर दुसऱ्याच्या वाक्यालाही त्याचे ओठ हलतात, आणि हे चित्रीकरणाच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही, संकलनाच्या टेबलावर येतं. आई कॅमेऱ्याशेजारी उभी असली तर दर वाक्यानंतर नजर तिकडे जाते. म्हणून जाणकार दिग्दर्शक लहान मुलाला आख्खी कथा सांगतच नाही. प्रसंगाच्या आधी दोन मिनिटं, खेळ समजावल्यासारखं सांगतो. आधी मुलाचे जवळचे शॉट उरकून घेतो, मग मुलाला सोडून देतो, आणि त्याच्या उंचीवर खूण लावून मोठ्या नटाच्या प्रतिक्रिया सावकाश टिपतो. पडद्यावर समोरासमोर दिसणारे दोघे पुष्कळदा एकमेकांसमोर नसतातच. मुलाने पाहिलेलं असतं कुणाच्या तरी हातातलं खेळणं, नटाने पाहिलेला असतो स्टँडवर चिकटवलेला कागद. मुलाचा ‘निरागस चेहरा’ म्हणून आपण जो डोक्यावर घेतो, तो निम्मा संकलकाने घडवलेला असतो.

मूकपटांच्या काळात दिग्दर्शकाला आणखी एक सवलत होती, ती आता विसरली गेली आहे. कॅमेरा चालू असताना तो बोलू शकायचा. हॉलीवूडचे निर्माते हॅल रोच यांच्या स्टुडिओत 1922 पासून निघालेल्या ‘अवर गँग’ या मुलांच्या लघुपटमालिकेचे पहिले मुख्य दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन टेक चालू असताना पोरांना सांगत राहायचे: आता वर बघ, आता दचक, आता धूम ठोक. मुलांना पाठ करायला काहीच नव्हतं. 1929 मध्ये ध्वनी आला, मायक्रोफोन लागला, आणि दिग्दर्शकाचं तोंड बंद झालं. ज्यांना अजून वाचता येत नव्हतं अशा मुलांना वाक्यं पाठ करावी लागली. सहजपणाचा जो बहर लोक ‘तेव्हाची मुलं’ म्हणून आठवतात, त्याचं श्रेय मुलांच्या पिढीला द्यायचं की दिग्दर्शकाला बोलता येण्याला? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

लांबीचाही यात वाटा आहे. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, बसतात. सेकंदाला 24 चौकटींच्या बोलपटाच्या वेगाने 1000 फुटांचं रीळ अकरा मिनिटांच्या आसपास संपतं. दोन रिळांचा लघुपट म्हणजे वीस-बावीस मिनिटं. एवढ्यात पाहुण्या मुलाच्या वाट्याला फार तर दोन-तीन मिनिटं पडद्यावर येतात. तेवढ्यात त्याला एकच गोष्ट व्हायचं असतं: खोडकर, किंवा गर्विष्ठ, किंवा भुकेलं.

एक नमुना जवळून पाहू. ‘हाय नेबर’ हा ‘अवर गँग’ मालिकेतला 1934 चा दोन रिळांचा लघुपट, दिग्दर्शक गस माइन्स. गल्लीत नवं बिऱ्हाड येतं आणि सामानातून उतरते आगीच्या बंबाची झकपक खेळण्यातली गाडी. तिचा मालक श्रीमंताघरचा पोर, जेरी टकर. टोळीच्या म्होरक्याला तो फेरी मारू देत नाही, पण म्होरक्याच्या मैत्रिणीला मात्र शेजारी बसवून घेऊन जातो. बस्स. मग टोळी भंगार गोळा करून स्वतःचा बंब बांधते, आणि शेवटी उतारावरची शर्यत. टकर हा टोळीचा कायमचा गडी नव्हता, अधूनमधून यायचा. त्याने इथे काय केलंय? ऐटीत बसणं, नाही म्हणणं, आणि गाडी चालवणं. रडायचं नाही, विनोदी बोलायचं नाही, बावळट दिसायचं नाही. पण कथेचं सगळं यंत्र त्याच्या एका नकारावर फिरतं. त्या मुलाला बारा दिवस तालीम देऊन ‘कॅरेक्टर’ घडवलं असतं तर काय साधलं असतं? वीस मिनिटांच्या गोष्टीला खलनायकाचं मन उलगडून दाखवायची गरज नसते, चकचकीत गाडी पुरते.

याच स्टुडिओने दुसरं टोकही दाखवलं. ‘ब्रॅट्स’ या 1930 च्या लघुपटात लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडगोळीने स्वतःच्या मुलांचीही कामं स्वतःच केली. अवाढव्य खुर्च्या, अवाढव्य पलंग, अवाढव्य बाथटब बांधले, आणि दोन प्रौढ माणसं त्यात पोरं झाली. घरभर पडझड, मारामारी, पाण्याचा लोंढा. हे सगळं खऱ्या मुलांकडून करून घ्यायचं तर अमानुष ठरलं असतं. खर्च झाला तो सुतारकामावर. आपल्या बालरंगभूमीला हा तोडगा परका नाही. मराठी बालनाट्यांत चेटकिणी, राक्षस, राजे मोठ्यांनी रंगवले आणि समोरची मुलं त्यांच्यावर खूश झाली. मुलांच्या गोष्टीत प्रत्येक भूमिका मुलानेच करायला हवी, हा हट्ट अलीकडचा आहे आणि तो बहुतेक वेळा पालकांचा असतो.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू, कारण ते पोकळ नाही. पहिला मुद्दा भारी आहे. पाहुणेपणात थोर अभिनय सापडत नाही, तो मोठ्या भूमिकेत सापडतो. दाखला ठरलेला: जॅकी कूगन. चॅप्लिन यांनी त्याला वडिलांच्या रंगमंचीय कार्यक्रमात पाहिलं आणि ‘द किड’मध्ये घेतलं. 1921 चा हा सहा रिळांचा चित्रपट पाचेक वर्षांच्या कूगनच्या जिवावर उभा आहे, हे कुणी नाकारू नये. मीही नाकारत नाही. पण याच कूगनचं पाहुणा म्हणूनही एक काम आहे. ‘द किड’चं चित्रीकरण रेंगाळलं होतं आणि वितरकांना चित्रपट हवा होता, म्हणून चॅप्लिन यांनी मधेच ‘अ डेज प्लेझर’ नावाचा लघुपट उरकला. डिसेंबर 1919 मध्ये तो लागला. त्यात कूगन सुरू होता न होता बंद पडणाऱ्या, थरथरणाऱ्या मोटारीत कुटुंबातलं एक पोर म्हणून बसलेला दिसतो. दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहा. मोटारीतल्या पोराकडून कुणी काही उकळलेलं नाही. ‘द किड’मधला अनाथाश्रमाच्या गाडीतला रडण्याचा प्रसंग मात्र कसा मिळाला, ते चॅप्लिन यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पोराला रडू येईना, तेव्हा त्याचा बाप म्हणाला, मी रडवतो. रडला नाहीस तर खऱ्या अनाथाश्रमात पाठवू, अशी धमकी त्याने दिली आणि पोर हुंदके देत सेटवर आलं. शॉट झाल्यावर चॅप्लिन समजूत घालायला गेले, तर पोरानेच त्यांना हळूच सांगितलं की बाबा थट्टा करत होते, मला माहीत होतं.

या शेवटच्या वाक्यावर रसिक खूश होतात: पाहा, पोराला सगळं कळत होतं. मला त्यात दुसरंच दिसतं. बापाची धमकी थट्टा आहे हे ओळखूनही हुंदके देता येणं, हे पाच वर्षांच्या मुलाला कशाने शिकवलं? कूगनच्या पुढच्या आयुष्यात थट्टा राहिली नाही. त्याने लहानपणी तीस-चाळीस लाख डॉलर मिळवल्याचा अंदाज सांगितला जातो. 1935 मध्ये वडील अपघातात गेले. 1938 मध्ये त्याने आई आणि सावत्र बापावर दावा लावला, तेव्हा हाती आले सव्वा लाखाच्या आसपास. त्या प्रकरणातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियाचा बालकलाकारांच्या कमाईचा कायदा आला, जो आजही कूगनच्याच नावाने ओळखला जातो. ‘द किड’ हवाच होता, मान्य. पण ‘द किड’ वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घडवत राहण्याची गरज कुणाची होती?

दुसरा मुद्दा: कामानेच कलावंत घडतो. दाखला मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याचा. तो जेमतेम चालायला लागल्यापासून आईवडिलांच्या खेळात होता. बाप त्याला रंगमंचभर फेकायचा, फेकायला सोपं जावं म्हणून कपड्यांना सुटकेसची मूठ शिवलेली. बालसंरक्षण संस्थेची माणसं हात धुऊन मागे लागली होती. कीटन आयुष्यभर म्हणत राहिला की मला कधी इजा झाली नाही, आणि आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात हे मी तिथेच शिकलो. तो थिजलेला चेहरा तिथून आला. हे खोटं कसं म्हणणार? पण यशस्वी झालेल्याची साक्ष ही यशस्वी झालेल्याचीच साक्ष असते. आपल्याकडेही संगीत नाटकांच्या कंपन्यांत पोरवयात दाखल झालेल्या ज्यांचा पुढे आवाज टिकला, त्यांची चरित्रं निघाली. आवाज फुटल्यावर ज्यांना पेट्या उचलायला लावल्या, त्यांनी काय लिहिलं असतं? कीटनच्या आठवणीवरून धोरण ठरवायचं तर विहिरीत ढकलून पोहायला शिकवणं हीही शिक्षणपद्धती मानावी लागेल.

आणि ज्यांनी लिहिलं, त्यांनी काय लिहिलं तेही वाचावं. पुढे हॉलीवूडची बालतारका झालेल्या शर्ली टेम्पलने 1932-33 मध्ये ‘बेबी बर्लेस्क’ नावाच्या एका रिळाच्या लघुपटांत कामं केली. तीन ते पाच वर्षांची मुलं, कमरेला लंगोट आणि त्याला भलीमोठी सेफ्टी पिन, आणि वर मोठ्यांच्या चित्रपटांचं विडंबन: मद्यालयातले सैनिक, मुरकणाऱ्या नर्तकी. सेटवर एक काळी पेटी होती, असं तिने मोठेपणी लिहिलं. जे मूल ऐकणार नाही त्याला आत बर्फाच्या लादीवर बसवायचे. जॅकी कूपर ‘अवर गँग’मधून पुढे आला. 1931 च्या ‘स्किपी’साठी नवव्या वर्षी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. रडण्याच्या प्रसंगासाठी त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याचं नाटक केलं गेलं. दिग्दर्शक त्याचा नातलग होता आणि त्या वर्षीचं दिग्दर्शनाचं ऑस्कर त्यालाच मिळालं. कूपरने आत्मचरित्राचं नावच त्या कुत्र्यावरून ठेवलं. पेटी आणि कुत्रा या दोन्ही गोष्टींची गरज कधी पडते? मुलाकडून ते मागितलं जातं जे त्याच्यापाशी अजून नाही, तेव्हा. नळीवर पाय ठेवायला बर्फाची लादी लागत नाही.

‘बेबी बर्लेस्क’चा ढंग ओळखीचा वाटत असेल तर नवल नाही. लहान पोराच्या तोंडी बायकोच्या तक्रारी, सासूचे टोमणे, ‘पटवण्या’ची भाषा घालून हशा वसूल करणारे टीव्हीवरचे कार्यक्रम आणि मोबाईलवरची रील्स त्याच घराण्यातली. यातला विनोद मुलाचा नसतोच. मूल काय बोलतंय हे त्याला कळत नाही, या एवढ्याच गोष्टीला आपण हसत असतो, आणि तो हशा टिकवायचा तर त्याला कळू न देणं हाच धंदा होऊन बसतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. ‘अवर गँग’सारख्या कायमस्वरूपी टोळीने जे दिलं ते पाहुण्या भूमिकांनी दिलं नसतं. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या त्या काळात, 1922 ते 1944, तब्बल 220 लघुपटांत काळी-गोरी पोरं एका गल्लीत, एका टोळीत खेळताना दिसली. अर्नी मॉरिसन, अ‍ॅलन हॉस्किन्स, मॅथ्यू बिअर्ड, बिली थॉमस ही नावं करारामुळेच घरोघरी पोचली. हे मोठंच काम झालं. पण कायमच्या भूमिकेसोबत कायमचं सोंगही आलं. हॉस्किन्सच्या वेण्या आणि फाटके कपडे, घाबरलं की वटारलेले डोळे, कलिंगडावर तुटून पडणं: काळ्यांच्या ठरीव चेष्टेचा सगळा साज. पाहुण्याला एकदा काढलेलं व्यंगचित्र एकदाच सोसावं लागतं, करारबद्ध मुलाला ते वर्षानुवर्षे अंगावर वागवावं लागतं. 1971 मध्ये टीव्हीसाठी या लघुपटांतले वर्णद्वेषी विनोद कापावे लागले, काही भाग बाजूलाच ठेवले. आणि टीव्हीच्या त्या पुनःप्रक्षेपणांतून, जी 1955 पासून पिढ्यान्‌पिढ्या चालली, या मुलांना दमडीही मिळाली नाही. सर्वाधिक ओळखीचे चेहरे, आणि हिशेबात त्यांचं खातंच नाही.

इथे माझ्यावर उलटणारा एक मुद्दा आहे, तो मीच सांगतो. कायद्याने सर्वांत जास्त वाऱ्यावर सोडलं ते पाहुण्या मुलांनाच. 1939 चा कायदा न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांपुरता होता. रोजावर येणाऱ्या, एका दिवसाच्या मुलाचा असा करार कोण नेणार न्यायालयात? बहुतेकांची नावंसुद्धा श्रेयनामावलीत नाहीत. हे खरं, आणि गंभीर. पण यातून पाहुणेपण वाईट असं निघत नाही, पाहुण्याची बडदास्त नीट ठेवली नाही असं निघतं. कॅलिफोर्नियाला ही भगदाडं बुजवायला साठ वर्षं लागली. 1 जानेवारी 2000 पासून मुलाची कमाई मुलाचीच मानली गेली आणि एका दिवसाचं काम असलं तरी 15 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक झालं. वेळेचे नियम तिथे आधीपासून बारकाईचे आहेत. पंधरा दिवस ते सहा महिन्यांचं तान्हं सेटवर दोन तासांहून जास्त ठेवायचं नाही, त्यातलं प्रत्यक्ष काम 20 मिनिटं, आणि प्रखर दिव्यासमोर एका वेळी 30 सेकंद. पडद्यावरचं एक बाळ म्हणजे पुष्कळदा जुळी असतात, ती यामुळे. एक दमलं की दुसरं.

आपल्याकडचे नियम वाचले तर सुखद धक्का बसतो. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, 2017 मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त नाही. काम होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याची परवानगी, पालकांची संमती, निर्मात्याचं हमीपत्र. सलग 27 दिवसांहून जास्त नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आणि एक कलम मला फार आवडतं: मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घ्यायचं नाही. कागदावर हे कॅलिफोर्नियाच्या तोडीचं आहे. टक्केवारीत तर त्याहून सरस.

मग अडतं कुठे? नियम तास आणि दिवस मोजतात, मागणी मोजत नाहीत. 27 दिवस पाच-पाच तास एकच टोमणा मारायला लावणं नियमात बसतं. दुसरं, ही भाषा निर्मात्याला उद्देशून आहे. घरच्या दिवाणखान्यात बाप कॅमेरामन, आई दिग्दर्शक, आणि कमाईचं खातं त्यांचंच असेल तिथे हमीपत्र कोण कुणाला देणार? रोजचं एक रील म्हणजे सात वर्षांच्या मुलाला वर्षाला 365 प्रवेश. ‘अवर गँग’च्या सर्वांत राबलेल्या मुलालाही एवढे लघुपट करावे लागले नव्हते, आणि त्यांच्यासाठी स्टुडिओत निदान शाळेची बाई तरी होती. फ्रान्सने 2020 मध्ये अशा मुलांच्या कमाईला आणि पुढे आपले व्हिडिओ काढून टाकायला लावण्याच्या हक्काला कायद्यात जागा दिली. अमेरिकेत इलिनॉयचा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला, त्यामागोमाग कॅलिफोर्नियाने आपला जुना कायदा घरच्या व्हिडिओंपर्यंत ताणला. आपण या बाबतीत अजून ‘घरचं काम ते घरचं काम’ या समजुतीवर आहोत.

‘गरिबाघरचं पोर चार पैसे मिळवतंय, तुमच्या पोटात का दुखतं?’ हा सवाल उरतोच. त्याला झिडकारू नये. पण ज्या घराचा संसार मुलाच्या हशावर चालतो, त्या घरात ‘आज नको’ म्हणायची मुभा कुणाला उरते? इच्छेविरुद्ध नको हे कलम तिथे पहिल्यांदा मरतं. पाहुण्या भूमिकेत घर त्या पैशावर अवलंबून राहू शकत नाही, हा तिचा तोटा म्हणून सांगतात. मी तो तिचा मोठा गुण मानतो. एकाच भूमिकेनंतर बाजूला होणं म्हणजे वाया जाणं नव्हे, हे सांगायला परदेशी जायला नको. 1953 च्या ‘श्यामची आई’तला श्याम, माधव वझे, पुढे नाट्यसमीक्षक आणि प्राध्यापक म्हणून जगले. ती लघुपटातली पाहुणी भूमिका नव्हती, चांगली नायकाची होती, हेही खरं. पण त्या यशाचा रतीब लावला गेला नाही.

प्रत्यक्षात काय करावं, तर परवानगीच्या अर्जासोबत तासांच्या तक्त्याला एक पान जोडावं: मूल या प्रसंगात नेमकं काय करणार, किती कृती, किती वाक्यं, त्यातलं कुठलं वाक्य त्याला समजतं. रडणं असेल तर ते कसं मिळवणार. शेवटच्या ओळीचं उत्तर लिहिताना पुष्कळ निर्माते अडखळतील, आणि अडखळावंच. श्रेयनामावलीत नाव यावं, एका शॉटचं काम असलं तरी. घरच्या व्हिडिओंसाठी 20 टक्क्यांचा नियम कमाई वाटणाऱ्या व्हिडिओ-मंचावरच (प्लॅटफॉर्मवरच) टाकावा. पैसे तिथूनच निघतात, तिथेच कापता येतील.

1919 मध्ये फाळके यांनी ‘कालिया मर्दन’ केला तेव्हा बाळकृष्णाचं काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलं. आज उपलब्ध असलेल्या प्रतीत चित्रपट कृष्णापासून सुरू होत नाही. आधी दिसतो तिचाच चेहरा, अगदी जवळून, एकामागून एक भाव दाखवणारा, आणि ही सात वर्षांची मुलगी आहे हे सांगणारी पाटी. मोरपीस त्यानंतर चढतं.